नवा फोटो जुना करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले सगळे आकडे ८-बिट चित्रासाठी आहेत, म्हणजे ० काळा आणि २५५ पांढरा. चित्राची लांब बाजू सुमारे ४००० पिक्सेल धरली आहे. मेनूंची नावं गिम्प या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमधली आहेत, कारण तो फुकट मिळतो आणि कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतो. फोटोशॉप किंवा फोटोपी वापरणाऱ्यांना हीच हत्यारं थोड्याफार वेगळ्या नावांनी सापडतील.

तयार फिल्टर लावला की फोटो जुना न दिसता ‘फिल्टर मारलेला’ का दिसतो?

कारण फिल्टर सगळ्या काळांच्या खुणा एकाच फोटोवर ओततो. तपकिरी छटा एकोणिसाव्या शतकातली, जाड ग्रेन (फिल्मचे दिसणारे कण) लहान निगेटिव्हवरून मोठ्या केलेल्या प्रिंटचा, केशरी लाइट लीक (कॅमेऱ्यात चुकून शिरलेल्या उजेडाचा पट्टा) ३५ मिमीच्या रंगीत रोलचा आणि वर पोलरॉइडची चौकट. असा फोटो कुठल्याच काळी कुणाच्याच घरात नव्हता. ट्रंकेतले जुने फोटो हाताळलेल्या माणसाला काय चुकलंय ते सांगता येणार नाही, पण चुकलंय हे लगेच कळतं.

म्हणून सॉफ्टवेअर उघडायच्या आधी तीन गोष्टी कागदावर लिहा: फोटो कोणत्या दशकातला, तो कोणत्या प्रकारच्या कागदावर छापला गेला आणि नंतर कुठे पडून राहिला (अल्बममध्ये, भिंतीवर उन्हात की दमट कपाटात). पुढचं प्रत्येक बटण या तीन उत्तरांवर ठरतं. जी खूण या तिन्हींत बसत नाही, ती कितीही छान दिसली तरी टाकायची नाही.

मग कोणत्या काळाला काय शोभतं?

१८५० ते १८९० च्या सुमाराचा फोटो बहुतेक वेळा अल्ब्युमेन प्रिंट असतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या पातळ कागदावर काचेची निगेटिव्ह टेकवून, उन्हात ठेवून ही प्रिंट काढत. प्लेट जेवढी तेवढीच प्रिंट. मोठं करणं नाही, म्हणून ग्रेन जवळजवळ नसतोच. त्या काळचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या प्रिंटमध्ये झालरीचा धागान् धागा मोजता येतो. छटा जांभळट तपकिरी, उजळ भाग पिवळे पडलेले. तेव्हा ‘खूप जुना’ म्हणून जाड ग्रेन टाकणं ही उलटी चूक आहे.

१८९० नंतर सिल्व्हर जिलेटिन कागद आला. त्याचा मूळ रंग राखाडी-काळा. टोनिंग (रसायनाने रंग बदलणं) केलं तरच तपकिरी. म्हातारा झाला की गडद भागांत, विशेषतः कडांना, चांदीसारखी निळसर झाक येते.

१९५० ते १९७५ म्हणजे आपल्याकडे १२० चा रोल आणि बॉक्स कॅमेरा. अग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ चौकोनी फोटो यायचे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही याच काळातला. चौकोनी प्रिंट, पांढरी कड, कधी ती कड करवतीसारखी कातरलेली, मध्यभाग बरा आणि कोपरे मऊ.

१९७० ते १९८५ चे रंगीत प्रिंट लालसर-पिवळे पडलेले असतात. नव्वदच्या दशकातला फोटो मात्र मुळीच फिकट करू नका. त्याची ओळख म्हणजे समोरून मारलेला फ्लॅश, मागे भिंतीवर कडक सावली, लाल डोळे आणि कोपऱ्यात केशरी तारीख.

फोटो काढतानाच काय सांभाळावं?

एडिटिंगपेक्षा इथे जास्त काम वाचतं. नऊवारी, नथ, वाड्याची ओसरी असं सगळं जमवून आणलेलं असतं आणि मागे पांढरा स्विचबोर्ड, पीव्हीसी पाइप आणि खांद्याजवळ वायफायचा राउटर. नखांवरचं जेल, मनगटावरचं स्मार्टवॉच, साडीवरची प्लास्टिकची पिन, दातांवरचा ब्रेस या गोष्टीही तशाच.

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स वाइड असते. जवळून काढलं तर नाक मोठं, कान मागे. तीन मीटर मागे जा आणि २एक्स वापरा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण त्याची खोटी धूसरता केसांच्या कडेला तुटते आणि नंतर लपवता येत नाही. एचडीआरही बंद करा. जुन्या फिल्मवर आकाश पांढरं फटक पडायचं, सावल्या बुजायच्या, आणि एचडीआर नेमकं याच्या उलट करतं. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल) काढता आलं तर उत्तम.

उजेड एकाच बाजूने. जुन्या स्टुडिओत उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीचा किंवा काचेच्या छपराचा उजेड असे. एक खिडकी आणि दुसऱ्या बाजूला धरलेलं पांढरं धोतर एवढ्यावर काम भागतं.

कामाचा क्रम कोणता?

प्रथम मूळ फाइलची प्रत काढून ठेवा. मग: आकार आणि कापणी, डिजिटल धार कमी करणं, ब्लॅक अँड व्हाइट करायचं असेल तर ते, कर्व्ह (उजळ-गडद छटा बदलणारा आलेख), रंगछटा, कोपऱ्यांची धूसरता, ग्रेन, ओरखडे-डाग, शेवटी चौकट.

क्रम चुकला की काय होतं? ग्रेन आधी टाकून नंतर धूसरता दिली तर ग्रेनच विरघळतो आणि चित्रावर मेण फासल्यासारखं दिसतं. डाग आधी टाकून नंतर सेपिया (तपकिरी छटा) केलं तर डाग आणि चित्र एकाच रंगाचे होतात, डाग चित्राच्या आतले वाटतात. कागदावरचा डाग चित्र छापून झाल्यावर पडतो, तेव्हा तोही नंतरच.

धार कमी करण्यासाठी गॉशियन ब्लर ०.६ ते १ पिक्सेल पुरतो. मोबाइल फोटोत केसांभोवती किंवा पदराच्या काठाला पांढरी रेघ दिसत असेल तर ती जाईपर्यंत १.५ पर्यंत जा.

ब्लॅक अँड व्हाइट केला तरी फोटो आजचाच वाटतो. असं का?

नुसतं ‘डिसॅच्युरेट’ केलं, म्हणजे फक्त रंग काढून टाकले म्हणून. जुन्या प्लेटा आणि फिल्मना सगळे रंग सारखे दिसत नव्हते. ओल्या कलोडियनच्या प्लेटला (ही पद्धत १८५१ ची) जवळजवळ फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. नंतरच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला निळा आणि हिरवा कळे, लाल नाही. पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणारी फिल्म विसाव्या शतकात रुळली.

परिणाम अगदी जवळून पाहायचा असेल तर कपाळाकडे बघा. ऑर्थो फिल्मवर लाल कुंकू काळं कुळकुळीत येतं, ओठ गडद होतात, निळं आकाश पांढरं पडतं. आजच्या सरधोपट ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तेच कुंकू मधल्या राखाडीत त्वचेत विरून जातं. एवढ्या एका टिकलीवरून काळ कळतो.

कलर्स → कम्पोनन्ट्स → मोनो मिक्सर उघडा. सुरुवातीचे आकडे असे घ्या:

- ओली प्लेट: लाल ०, हिरवा ०.१५, निळा ०.८५
- ऑर्थो: लाल ०, हिरवा ०.५५, निळा ०.४५
- पॅन: लाल ०.२५, हिरवा ०.५०, निळा ०.२५

बेरीज १ ठेवा, नाहीतर चित्र उजळेल किंवा बुडेल.

दोन अडचणी हमखास येतात. पहिली: निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात जास्त नॉइज असतो आणि जेपेगचे चौकोनी ठोकळेही तिथेच ठळक दिसतात. ते आधी नॉइज रिडक्शनने शांत करा, नाहीतर त्वचेवर जाळी उमटते. दुसरी: सावळी आणि गहूवर्णी त्वचा निळ्यात खूप काळी पडते. चेहऱ्यापुरता मऊ मास्क (बदल तेवढ्याच भागात ठेवणारं झाकण) करून तिथे हिरव्याचं प्रमाण वाढवा. ही फसवणूक नाही. स्टुडिओवालेही निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने चेहरे उजळत असत.

सेपिया नेमका किती ठेवायचा?

बहुतेक जण ठेवतात त्याच्या निम्मा.

सेपिया हा म्हातारपणाचा रंग आहे हा समज चुकीचा. चांदीची प्रतिमा आधी ब्लीच करायची आणि मग सल्फाइडच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं. ते तपकिरी दिसतं आणि मूळ चांदीपेक्षा जास्त टिकतं. म्हणजे ही मुद्दाम केलेली, थोडी खर्चिक प्रक्रिया. चांगल्या सेपिया प्रिंटमध्ये गडद भाग भरदार असतात. सेपिया आणि फिकटपणा दोन्ही हवं असेल तर त्याला कारण हवं, उदाहरणार्थ भिंतीवर उन्हात टांगलेली तसबीर.

करायची रीत: राखाडी चित्रावर कलर्स → मॅप → ग्रेडियंट मॅप. त्यासाठी तीन थांब्यांचा ग्रेडियंट बनवा. गडद (४२, ३१, २५), मधला (१३८, ११६, ९५), उजळ (२४२, २३२, २१२). हा थर मूळ राखाडीवर ७० टक्के ओपॅसिटीने (अपारदर्शकतेने) ठेवा. अल्ब्युमेनसाठी गडद टोक थोडं जांभळट करा, (५०, ३२, ३६) असं काहीतरी, आणि उजळ टोक जास्त पिवळं. बाजारात दिसणारा नारिंगी सेपिया टाळायचा असेल तर मधल्या थांब्यात लाल आणि निळ्यातला फरक ५० च्या पुढे जाऊ देऊ नका.

सत्तरच्या दशकातल्या रंगीत फोटोसारखा उडालेला रंग कसा आणायचा?

हा रंग का उडतो ते आधी बघू, मग कर्व्ह पाठ करावे लागत नाहीत. रंगीत प्रिंटमध्ये सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या कागदात अल्बममध्ये अंधारात पडून राहिलं तरी सायन सगळ्यात आधी विरायचं. सायन लाल उजेड अडवतं. ते गेलं की गडद भागांतून लाल वर येतो. काळा कोट चॉकलेटी दिसतो तो यामुळे. त्यातच कागदात उरलेली रसायनं पिवळी पडतात, म्हणून पांढरा सदरा सायीसारखा होतो.

कर्व्हमध्ये प्रत्येक चॅनेलची फक्त दोन टोकं हलवा:

- लाल: ० चं ४५ करा, २५५ चं २५०
- हिरवा: ० चं २२, २५५ चं २३८
- निळा: ० चं ३०, २५५ चं २०८

मग सॅच्युरेशन १५ ते २० ने कमी करा. चित्र सपाट वाटलं तर मधे हलका ‘एस’ देता येईल, पण टोकं परत खाली ओढू नका. विरलेल्या प्रिंटमध्ये खरा काळा शिल्लकच नसतो.

फोटो भिंतीवर उजेडात होता असं दाखवायचं असेल तर गणित बदलतं. उजेडात मॅजेंटाही झपाट्याने जातो आणि लाल झाक कमी होऊन हिरवट-निळट फिकेपणा येतो. अशा वेळी लालऐवजी हिरव्याचं तळाचं टोक ४० पर्यंत उचला. चौकटीखाली झाकलेली चार-पाच मिलिमीटरची पट्टी मात्र जास्त गडद ठेवा. ती एक पट्टी शंभर ओरखड्यांपेक्षा जास्त पटवते.

ग्रेन कसा टाकायचा? माझा ग्रेन वाळू शिंपडल्यासारखा दिसतो.

नॉइज थेट फोटोवर टाकलात की तसंच होणार. नवा लेयर (थर) घ्या, (१२८, १२८, १२८) राखाडीने भरा, मोड ‘ग्रेन मर्ज’ ठेवा. त्यावर फिल्टर्स → नॉइज → आरजीबी नॉइज. ‘इंडिपेंडंट आरजीबी’ची खूण काढा, नाहीतर काळ्यापांढऱ्या फोटोवर रंगीत कण येतील. प्रमाण ०.२० च्या आसपास. मग त्याच लेयरला ०.८ पिक्सेल ब्लर. डिजिटल नॉइजचा कण चौकोनी असतो, ब्लरने त्याला गोलाई येते. ओपॅसिटी ३० ते ४०.

खरा ग्रेन मधल्या छटांत जास्त जाणवतो, शुद्ध काळ्या-पांढऱ्यात कमी. म्हणून ग्रेनच्या लेयरला फोटोचीच राखाडी प्रत मास्क म्हणून द्या आणि मास्कला असा कर्व्ह: ० चं ६०, १२८ चं २५५, २५५ चं ६०.

ग्रेनचा आकार शेवटच्या आकारावर ठरतो. साडेतीन इंची चौकोनी प्रिंट ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) १०५० पिक्सेलची होते. ४००० पिक्सेलवर टाकलेला बारीक ग्रेन तिथपर्यंत लहान करताना पुसला जातो आणि मग ‘प्रिंटमध्ये ग्रेन आलाच नाही’ अशी तक्रार होते. आधी आकार लहान करा, ग्रेन नंतर.

कोपरे काळे करावेत का?

थोडे, १० ते १५ टक्के. गोल काळं वर्तुळ दिसायला लागलं की जास्त झालं. जुन्या प्रिंटच्या कडा हवेमुळे बऱ्याचदा मध्यभागापेक्षा फिकट असतात, हेही लक्षात असू द्या. एकोणिसाव्या शतकातल्या अर्धाकृती फोटोंत तर उलटाच रिवाज होता: चेहरा आणि खांदे ठेवून बाकीचं चित्र लंबगोलात पांढऱ्यात विरवत. बॉक्स कॅमेऱ्यासाठी काळेपणापेक्षा कोपऱ्यांची धूसरता महत्त्वाची. प्रत काढून ३-४ पिक्सेल ब्लर द्या आणि मधला लंबगोल ४०० पिक्सेलच्या फेदरने (कड विरवून) मास्क करा.

ओरखडे पांढरे असावेत की काळे?

दोन्ही असतात, पण कारणं वेगळी. निगेटिव्हवर धूळ बसली तर तिथे उजेड अडतो आणि प्रिंटवर पांढरा ठिपका येतो. निगेटिव्हच्या रसायनाच्या बाजूला ओरखडा पडून थर निघाला तर तिथून जास्त उजेड जातो आणि प्रिंटवर काळी रेघ येते. प्रिंट छापून झाल्यावर ती खरवडली गेली तर खालचा कागद दिसतो, म्हणजे रेघ कागदाच्या रंगाची.

यातून एक साधा नियम निघतो. निगेटिव्हवरच्या खुणा चित्राच्या चौकोनातच राहतात, पांढऱ्या कडेवर जात नाहीत. प्रिंटवरच्या खुणा (घडी, चहाचा कप, टाचणीचा गंज, कसर लागल्याची कुरतड) कडेची पर्वा करत नाहीत. घडी चेहऱ्यापासून निघून कडेपाशी थांबलेली दिसली की खेळ संपला.

नेटवरचे तयार ‘टेक्सचर’ हजारो फोटोंवर वापरून झालेले असतात. स्वतःचे बनवा. स्कॅनरच्या काचेवर कपाटामागची धूळ, दोन-चार केस, कापसाचे तंतू पसरा, वर काळा पुठ्ठा ठेवा, झाकण उघडं ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन करा. लेव्हल्समध्ये काळं टोक आत ओढून पार्श्वभूमी पूर्ण काळी करा आणि लेयर ‘स्क्रीन’ मोडमध्ये टाका. घडीसाठी कोरा ग्लॉसी फोटोपेपर घडी घालून, नखाने दाबून, परत सपाट करून स्कॅन करा. जुन्या अल्बमची कोरी काळी पानं, फोटो कॉर्नर आणि मधला बटरपेपरही स्कॅन करून ठेवावा, पुढे फार उपयोगी पडतो.

दमटपणाचे तपकिरी ठिपके विखुरलेले नकोत, पुंजक्याने हवेत. ३ ते १५ पिक्सेलचा मऊ ब्रश, रंग (१५०, १०५, ५५), मोड ‘मल्टिप्लाय’, ओपॅसिटी २० टक्के. पाण्याच्या डागाचा मध्य फिकट असतो आणि कड गडद, कारण वाळताना मळ कडेला ढकलला जातो.

आणि चेहरा सोडा. डोळ्यांवर ओरखडा टाकला की बघणारा फोटो बघतच नाही.

हाताने रंगवलेल्या फोटोसारखं करता येईल?

येईल, आणि आपल्याकडच्या साड्या-दागिन्यांवर ते फार खुलतं. पाया फिकट राखाडी किंवा हलका सेपिया ठेवा; गडद पायावर रंग चिखलासारखे होतात. प्रत्येक रंगासाठी वेगळा लेयर, मोड ‘एलसीएच कलर’, मऊ ब्रश. गालांना (२००, १२०, १०५) ची ओपॅसिटी २५ टक्के, सोन्याला (२००, १६०, ७०) ची ४०. साडीचं अंग रंगवा, निऱ्यांच्या खोल सावल्या सोडा. काठ रंगवताना रेघ दोन-तीन पिक्सेल बाहेर जाऊ द्या. इतक्या काटेकोर कडा हाताने कुणी रंगवत नसे.

भारतात याहून धीट रिवाजही होता. फोटो नुसता आराखडा समजून वर अपारदर्शक रंग चढवायचे, गालिचा आणि पडदा पूर्ण रंगाने झाकायचे, फक्त चेहरा फोटोचा. तसं हवं असेल तर मोड ‘नॉर्मल’, ओपॅसिटी ८५, मागचा पडदा एकाच सपाट रंगात, आणि नथीच्या मोत्यांवर पांढरे, ठुशीवर पिवळे जाड ठिपके. चेहऱ्याला हात लावू नका.

चौकट कोणती आणि किती मापाची?

कार्त द व्हिजित नावाचं छोटं कार्ड (पॅरिसच्या दिसदेरीने १८५४ मध्ये पेटंट घेतलेलं) सुमारे ६४ × १०० मिमीचं असतं, म्हणजे ३०० पीपीआयला ७५६ × ११८१ पिक्सेल. कॅबिनेट कार्ड १०८ × १६५ मिमी, १२७६ × १९४९ पिक्सेल. दोन्हीत फोटोच्या खाली जास्त जागा असते, तिथे स्टुडिओचं नाव. खऱ्या स्टुडिओचं नाव टाकू नका. आडनाव आणि गाव एवढं शोभतं.

पोलरॉइड एसएक्स-७० च्या प्रकारात (कॅमेरा १९७२ चा) चित्र ७९ × ७९ मिमी आणि पूर्ण तुकडा ८८ × १०७ मिमी. खालची जाड पट्टी शोभेची नव्हे. तिथे रसायनाची पुडी असायची, कॅमेऱ्यातले रोलर ती फोडून चित्रभर पसरवत. मोबाइलचा ४:३ फोटो ताणून चौकोनी करू नका, कापा.

केशरी तारीख आणि लाइट लीक?

तारीख सात रेघांच्या आकड्यांत, ’९४ ७ १५ अशी, उजव्या खालच्या कोपऱ्यात. रंग (२५५, १२०, ४०), १.५ पिक्सेल ब्लर, मोड ‘स्क्रीन’. उभा फोटो असेल तर कॅमेरा उभा धरलेला असणार, तेव्हा तारीखही बाजूने उभी यायला हवी. हे जवळजवळ सगळेच विसरतात.

लाइट लीक रंगीत फिल्मवर लाल-केशरी असतो, कारण उजेड कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातून आत शिरतो आणि फिल्मच्या पाठीमागून आधी लाल टिपणाऱ्या थराला लागतो. ब्लॅक अँड व्हाइट रोलवर तो पांढराच. चाळीस फोटोंत एखाद्याच फोटोवर ठेवा.

आजोबांच्या १९६० च्या फोटोशेजारी नातवाचा आजचा फोटो एकाच फ्रेममध्ये लावायचा आहे. दोन्ही जुळतील?

जुळतात, पण नजरेने अंदाज करू नका, मोजा. जुना फोटो रंगीत मोडमध्ये (ग्रेस्केल नको), ६०० डीपीआयला, स्कॅनरची ऑटो दुरुस्ती बंद करून स्कॅन करा. कलर पिकरची त्रिज्या १० पिक्सेल ठेवून तीन ठिकाणं टिपा: चित्रातली सगळ्यात गडद जागा, सगळ्यात उजळ जागा आणि चेहऱ्याची उजेडातली बाजू. पांढरी कड वेगळी मोजा. ती चित्रातल्या उजळ भागापेक्षा बऱ्याचदा निराळी असते.

समजा गडद (५२, ४४, ३८), उजळ (२२६, २१५, १९०) निघालं. नातवाचा फोटो मोनो मिक्सरने पॅनच्या आकड्यांनी राखाडी करा, मग कर्व्हमध्ये लाल चॅनेलची टोकं ५२ आणि २२६, हिरव्याची ४४ आणि २१५, निळ्याची ३८ आणि १९० वर आणा. आता चेहऱ्याचा आकडा जुन्याशी ताडून मधला बिंदू हलवा. शेवटी दोन्ही १०० टक्के झूमवर शेजारी ठेवून ग्रेनचा आकार आणि धूसरता जुळवा. रंग जुळून धार जुळली नाही तर नवा फोटो लगेच उठून दिसतो.

आकाशात पायऱ्या-पायऱ्या का दिसतात?

८-बिट फाइलवर कर्व्ह आणि कोपऱ्यांचा अंधार एकावर एक ताणल्यामुळे. इमेज → प्रिसिजनमध्ये १६-बिट करून काम करा. उरलेल्या पायऱ्या ग्रेन झाकतो.

मोबाइलवर हे सगळं होईल का?

निम्मं होईल. स्नॅपसीडमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ उघडून रंग-फिल्टर निळा किंवा हिरवा निवडला की ऑर्थोच्या जवळ जाता येतं. ‘कर्व्ह्ज’मध्ये चॅनेल वेगळे मिळतात. ‘विंटेज’ आणि ‘रेट्रोलक्स’ला हात न लावता एवढ्यावर थांबलात तरी निकाल बरा येतो. एआयला ‘जुना कर’ सांगितलं तर तो अनेकदा चेहराच बदलतो; नाक, दात, कानातलं तपासून घ्या.

वॉट्सॅपवर पाठवला की सगळी मेहनत वाया जाते. लॅबमधून प्रिंटही पांढरीशुभ्र आली.

वॉट्सॅप फोटो लहान करून दाबतं, त्यात ग्रेन चिखल होतो. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. इन्स्टाग्रामसाठी आधीच १०८० पिक्सेल रुंदीला आणा आणि त्या आकारावर ग्रेन टाका.

लॅबचं यंत्र पिवळट पांढरा आणि उचललेला काळा म्हणजे बिघाड समजतं आणि इमानेइतबारे दुरुस्त करतं. ऑर्डरवर ‘नो करेक्शन’ लिहा आणि काउंटरवर तोंडानेही सांगा. फाइल एसआरजीबी, जेपेग क्वालिटी ९५. आधी ४ × ६ ची एक प्रिंट काढून बघा. मॅट कागद घ्या. ग्लॉसीवर छापलेला खोटा ओरखडा उजेडात वाकवला की लगेच कळतो.

प्रिंट चहात बुडवली तर?

लॅबच्या फोटोपेपरला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा लेप असतो, चहा आत शिरत नाही. इंकजेटवर साध्या शाईची प्रिंट असेल तर शाईच वाहते. हौस असेल तर कोरा जाड कॉटन कागद आधी कोऱ्या चहातून काढा, पुस्तकांखाली दाबून पूर्ण वाळवा आणि मग पिगमेंट शाईने छापा. कुरकुरीत वाळलेला वाकडा कागद प्रिंटरमध्ये अडकतो.

असे फोटो खरे जुने म्हणून फिरले तर?

फिरतात. छायाचित्रणाची जाहीर घोषणा १८३९ ची आणि शिवाजी महाराजांचं निधन १६८० चं, तरी ‘महाराजांचा अस्सल फोटो’ म्हणून चित्रं पुढे ढकलली जातातच. आपल्या फाइलच्या नावात आणि आतल्या माहितीत (इमेज → मेटाडेटा) मूळ तारीख आणि ‘संपादित’ हा शब्द ठेवा. प्रिंटच्या मागेही पेन्सिलीने लिहा. कुठल्या ऐतिहासिक व्यक्तीचा किंवा घटनेचा भास होत असेल तर चित्राच्या आतच कोपऱ्यात लिहा, कारण मथळा फॉरवर्ड करताना गळून पडतो.

लग्नाच्या अल्बमचे चाळीस फोटो एकसारखे करायचे आहेत. एकच प्रीसेट लावू?

रंग आणि कर्व्हचं प्रीसेट एकच लावा, ग्रेनचंही. ओरखड्यांचा आणि डागांचा लेयर मात्र एकच नको. ग्रुप फोटोत वरातीच्या घोड्यावर असलेला केस पुढच्या पानावर कन्यादानात नेमक्या त्याच जागी वळवळला की मामांच्या लक्षात येतं. धुळीचे पाच-सहा स्कॅन ठेवा, प्रत्येक वेळी फिरवा, उलटवा, सरकवा. दहा-बारा फोटो पूर्ण स्वच्छ सोडा. शेजारच्या पानांवरची घडी एकाच उंचीवर चालेल. एकत्र दुमडलेली पानं तशीच असतात.